आत्या गेटसमोर बसली

माझी आत्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बारावी झाल्यावर मीही तिथेच जाऊन तिच्या शेजारी बसले. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडची दुकानं संपली की पुढे गाळ्यांच्या इस्टेटी लागतात, त्यातल्या एका इस्टेटीत आमचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन गाळ्यांमधली भिंत पाडून केलेला एक मोठा गाळा. खाली पुढच्या बाजूला प्रेस मशीन, मागे पॉलिशचं काम आणि वर लाकडी माळ्यावर आम्ही बायका. स्टीलची गोल चकती खाली मशीनमध्ये जायची आणि वाटी किंवा ताटली होऊन बाहेर यायची. मग पॉलिशवाले तिला फिरत्या चाकावर धरायचे. दिवस संपेपर्यंत त्यांची तोंडं काळीकुट्ट व्हायची, नुसते डोळे दिसायचे. वर आमच्याकडे माल आला की आम्ही तो भुशाने पुसायचा, डाग बघायचा, स्टिकर लावायचा, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचा.

आई गेली तेव्हा मी लहान होते. बाबा गावाला, रत्नागिरीकडे, जमिनीपाशीच राहिले. नवऱ्याने सोडलेली त्यांची धाकटी बहीण आमच्या खोलीवर आली आणि मला नि माझ्या भावाला तिनेच वाढवलं. खारी गावाला लागून जी चाळवस्ती झाली होती, तिथे आमची खोली. आत्या अंगाने काटकुळी, पण आवाज असा की खालचं प्रेस चालू असतानाही वरून तिने हाक मारली तर पॉलिशवाले मान वर करून बघायचे. सकाळी मिशरी लावल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही आणि मिशरी लावून होईपर्यंत तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालायचं नाही.

कारखान्यात तिचं नाव झालं ते संडासाच्या कडीमुळे. इस्टेटीत सगळ्या गाळ्यांना मिळून एकच संडास. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. आम्ही जोडीने जायचो, एक आत आणि दुसरी बाहेरून दार ओढून धरायची. बऱ्याच जणी दिवसभर पाणीच पीत नसत. आत्याने शेठना दोन-तीनदा सांगितलं. "हो जाएगा, हो जाएगा," म्हणून ते खाली निघून जायचे. मग एक दिवस बाहेरगावचा मोठा व्यापारी माल बघायला आला. शेठ त्याला माळ्यावर घेऊन आले, ताटल्यांवर बोट फिरवून दाखवत होते. आत्या उठली, हातातला भुसा झटकला आणि सरळ म्हणाली, "शेठ, पाव्हण्यांना संडास कहाँ है बता दूँ? साथ में किसी को भेजो, दरवाजा पकडना पडता है."

व्यापारी हसला. शेठ हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कडी बसली. त्या दिवसापासून माळ्यावरच्या बायका काही झालं की आधी आत्याकडे बघायला लागल्या. खालचे पुरुषही तिला दीदी म्हणायचे, त्यातले काही वयाने तिच्याहून मोठे असूनही.

त्यातला एक प्रेसवाला गोरखपूरकडचा होता. चाळिशी उलटलेली, शांत माणूस. सहा-सात जण मिळून एका खोलीत राहायचे. जेवणाच्या सुट्टीत तो भिजवलेले चणे घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायचा आणि आम्ही खाली उतरलो की मूठभर आमच्या डब्याच्या झाकणात टाकायचा. त्याची मुलगी माझ्या वयाची होती. ती गावी पुढे शिकतेय हे तो मला वरचेवर सांगायचा, आणि मी का सोडलं हे वरचेवर विचारायचा. "पढाई छोडके वाटी क्यों पोंछ रही हो?" मी हसण्यावारी न्यायचे.

२००७ संपत आलं होतं. लग्नसराईचा माल निघायचा होता, त्यामुळे मशीन थांबत नव्हती. ज्या प्रेसवर तो काम करायचा तिला पूर्वी दोन बटणं होती म्हणे. दोन्ही हातांनी दाबली तरच ठोका पडायचा, त्यामुळे हात आत राहायचा प्रश्नच नव्हता. पण त्यात वेळ जातो म्हणून ती काढून पायाने दाबायचं पायडल लावलं होतं. हाताने चकती सरकवायची, पायाने दाबायचं, तयार वाटी काढायची. दिवसभर तेच.

दुपारी जेवण करून आम्ही वर आलोच होतो. खालून ओरडण्याचा आवाज आला नाही. आवाज थांबला, एवढंच कळलं. ती मशीन थांबली आणि मग तिच्या शेजारची थांबली. आत्या जिन्यावरून धावत उतरली, मी तिच्या मागे. तो मशीनसमोर उभा होता, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि स्वतःच्या हाताकडे असं बघत होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मधली तीन बोटं गेली होती. आत्याने डोक्याला बांधलेला कपडा सोडून त्याच्या हाताला गुंडाळला, रिक्षा थांबवली आणि त्याला भाईंदर पश्चिमेच्या एका डॉक्टरकडे नेलं. मी तिच्यासोबत गेले. रिक्षात तो एकच गोष्ट बोलला, "दीदी, घर पे फोन मत करना."

पहिल्या दिवसाचं बिल शेठनी भरलं. त्यानंतर म्हणाले, तो माणूस ठेकेदाराचा, माझा नाही. ठेकेदार म्हणाला, मी फक्त माणसं पुरवतो, पुढचं शेठ जाणे. कारखान्याच्या हजेरीवर त्याचं नाव नव्हतंच. खालच्या बहुतेकांचं नव्हतं. आमचंही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. काही दिवसांनी तो पट्टी बांधलेला हात छातीशी धरून गेटवर आला, तर वॉचमनने त्याला आत सोडलं नाही. आत्या माळ्याच्या खिडकीतून बघत होती. तिने हातातली ताटली खाली ठेवली.

"इतकी वर्षं काम केलं," ती म्हणाली, "आणि हा माणूस इथे नव्हताच?"

त्या रविवारी ती मला घेऊन भाईंदर पश्चिमेला गेली. तिथे पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत लाल बावट्याच्या युनियनचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं, एक टेबल, दोन बाक आणि भिंतीवर जुना रंग उडालेला झेंडा. तिथे एक म्हातारे कॉम्रेड बसायचे. पूर्वी कापडगिरणीत होते, संपात गेले, मग गिरणीच गेली. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यात खाली गिरणी चालू, त्यामुळे आत्याला सगळं दोनदा सांगावं लागलं. तिच्या आवाजाला त्याचं काही नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर किती जणी आहेत?"

"माळ्यावरच्या सगळ्या."

"आणि खालचे?"

"खालच्यांना अजून विचारलं नाही."

"मग आधी त्यांना विचार. त्यांच्याशिवाय तुझा संप म्हणजे माळ्यावरची सभा."

वस्तीत ही बातमी पोचली तेव्हा आमच्या विहारातल्या मंडळींना ते फारसं रुचलं नाही. आम्ही निळ्या झेंड्याची माणसं. "लाल बावट्याकडे कुठे गेलीस?" असं एका वडीलधाऱ्यांनी आत्याला विचारलंच. ती म्हणाली, "काका, रविवारी ज्यांचं ऑफिस उघडं होतं त्यांच्याकडे गेले. तुमचं उघडं असतं तर तुमच्याकडे आले असते." पण पुढे आमच्यासाठी विहाराची सतरंजी, ताडपत्री आणि भाताचा मोठा टोप काकांनीच काढून दिला.

खालच्या पुरुषांना तयार करणं सोपं नव्हतं. ते एकेकटे भेटले की हो म्हणायचे आणि चौघे एकत्र आले की माना खाली घालायचे. "हम तो परदेसी हैं दीदी, हमारा यहाँ कौन है?" आत्या रोज जेवणाच्या सुट्टीत पायरीवर त्यांच्यात जाऊन बसायची. भाषण वगैरे तिला येत नव्हतं. ती फक्त एकेकाला त्याचा हात पुढे करायला सांगायची. कुणाचं नख गेलेलं, कुणाच्या बोटाचं टोक नाही, कुणाच्या तळव्यावर पत्र्याने कापल्याची लांब खूण. "हा कधीचा? तेव्हा काय दिलं?" असं विचारायची. मग बाकीचे पुढे सरकून ऐकायचे.

जानेवारीत एका सकाळी कुणीच आत गेलं नाही. आम्ही गेटसमोर बसलो. मागण्या तीन होत्या: त्या प्रेसवाल्याचा औषधपाण्याचा खर्च आणि भरपाई, सगळ्यांची नावं हजेरीवर आणि प्रत्येक प्रेसला हात आत जाणार नाही अशी जाळी.

शेठनी पोलिसांना बोलावलं. हवालदार आले, म्हणाले, रस्ता अडवू नका, उठा. तेवढ्यात खारी गावातली एक म्हातारी काठी टेकत आली. गेटच्या बाजूची गवताची मोकळी पट्टी तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून त्यांच्या घरची होती. इस्टेट झाली तेव्हा बिल्डरला बाकी जमीन दिली, ती पट्टी तेवढी राहून गेलेली. ती हवालदाराला म्हणाली, "ही जागा माझी हाय. त्या शेठची न्हाय. पोरी माझ्या जागेवर बसल्यात, तुला काय तरास?" मग आमच्याकडे वळून, "सरका गं इकडं, रस्त्यावर कशाला बसता?" आम्ही सगळे उठून तिच्या गवतावर जाऊन बसलो. हवालदारही खरं तर खूश झाला, त्याचं काम झालं होतं.

पहिले काही दिवस मला फार छान वाटायचं, हे सांगायला हवं. सकाळी भात चढवायचा, कॉम्रेड यायचे, ते हळू आवाजात काहीतरी समजावायचे आणि आत्या ते मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगायची. गोरखपूरचे, आझमगढचे, बिहारचे लोक आणि आम्ही रत्नागिरी-रायगडच्या बायका एका सतरंजीवर. माळ्यावर इतकं काम केलं पण खालच्या माणसांची तोंडं स्वच्छ धुतलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कोण किती तरुण आहे तेही तेव्हाच कळलं.

मग वारं फिरलं. मुंबईत परप्रांतीयांच्या विरोधातलं आंदोलन पेटलं. टीव्हीवर फोडलेल्या टॅक्सी दिसायला लागल्या. केबिन रोडवरचे भाजीवाले, पाणीपुरीवाले दोन-चार दिवस दिसलेच नाहीत. आमच्या सतरंजीवरचे पुरुषही कमी होऊ लागले. कुणी गावी निघून गेला, कुणी खोलीतून बाहेर पडेना. ज्याची बोटं गेली होती तो मात्र रोज यायचा. आत्या त्याला म्हणाली, "आप मत आओ कुछ दिन." तो म्हणाला, "मेरे लिए बैठी हो और मैं ही न आऊँ?"

माझा भाऊ तेव्हा चोवीस-पंचवीसचा, कामाच्या शोधात. नाक्यावरच्या पोरांबरोबर असायचा. त्या पोरांनी आंदोलनवाल्या पक्षाचे झेंडे घेतले तसा त्यानेही घेतला. घरात तो आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते. ती त्याला ताट वाढायची, तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि बाहेर पडायचा.

याच दिवसांत शेठनी आत्याला आणि मला आत बोलावलं. केबिनमध्ये खुर्चीत बसवलं, कपबशीतून चहा दिला. आणि मराठीत बोलले.

"ताई, तुम्ही आपली माणसं. हे लोक आज आहेत, उद्या नाहीत. तुम्ही सगळ्या मराठी बायका कामावर या. सगळ्यांना परमनंट करतो, लिहून देतो. बाकीच्यांचं मी बघतो. आता वातावरणही तसंच आहे."

आत्या बशीकडे बघत होती. "शेठ, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मराठीत बोललात."

"मला येतं मराठी."

"येतं हो, छान येतं. कधी ऐकलं नव्हतं म्हणून म्हटलं."

चहा तिने प्यायला. बाहेर येऊन बायकांना जवळ बोलावलं आणि शेठ जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ती हे लपवेल. मी तिच्या जागी असते तर लपवलं असतं.

महाडकडची एक विधवा बाई आमच्यात होती, दोन मुलांची आई. ती म्हणाली, "मला घ्यायचंय हे. मी खोटं कशाला बोलू? आपण त्यांच्यासाठी कशाला मरायचं? ते उद्या गाडीत बसतील नि जातील. मी कुठे जाणार?"

कुणी तरी तिच्यावर ओरडायला लागलं. आत्याने हात वर केला. "ती बोलते ते खोटं नाही. तिच्या घरात दुसरं कमावणारं नाही." मग त्या बाईला म्हणाली, "जायचं तर जा. रस्त्यात भेटलीस तर मी तोंड फिरवणार नाही. पण मी नाही येत. हजेरीवर नाव लावणार म्हणतोय तो, कुणाच्या जागेवर लावणार ते मला दिसतंय."

ती बाई आणि आणखी तिघी-चौघी दुसऱ्या दिवशी आत गेल्या. जाताना आमच्याकडे बघायचं टाळत होत्या. त्यांच्यापैकी एकीचा डबा आमच्या सतरंजीवर राहिला होता, तो आत्याने वॉचमनच्या हाती आत पाठवला.

त्यानंतर दोनच दिवसांनी ती पोरं आली. पंधरा-वीस जण, हातात झेंडे, दोघांच्या हातात बांबू. भर दुपार होती. आम्ही भात वाढत होतो. आमच्यातले जे थोडे उत्तरेकडचे पुरुष होते ते उठून उभे राहिले. कॉम्रेड पुढे होऊन काही सांगायला लागले, पण त्यांचं कोण ऐकतं. पोरांच्या घोळक्यात माझा भाऊ होता. तो पुढे आला.

"आत्या, तू ऊठ. घरी चल. आम्ही बायकांना काही करणार नाही, पण हे लोक इथून उठणार आज."

"कुणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे?"

"शेठनी चहा पाजला का तुमच्या पुढाऱ्याला?" आत्या बसूनच बोलत होती. "आम्हालाही पाजला. कपबशीतून."

तो चिडला. "तुला काही कळत नाही. त्याच्या दारात मी दोनदा गेलो होतो कामाला. याच गेटवर. लोकल पोरगा नको म्हणाला. तोंडावर म्हणाला मला. माझ्या गावात मला काम नाही, आणि तू त्यांच्यासाठी उन्हात बसलीयेस!"

मला हे माहीत नव्हतं. आत्यालाही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते दिसलं. तो कधी बोलला नव्हता घरी.

ती उठली. तिने त्या प्रेसवाल्याला बोलावलं नाही, त्याचा हात दाखवला नाही. मला वाटलं होतं ती तेच करेल. ती फक्त भावाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "तुला का नाही घेतलं, कळतंय का? तुझं बोट तुटलं असतं तर मी आले असते दारात. ही आली असती. अख्खी वस्ती आली असती. त्याच्यामागे कोणी येणार नाही म्हणून त्याला घेतलं. तो परका आहे म्हणून नाही रे, एकटा आहे म्हणून. आता कोणीतरी येऊ दे ना त्याच्यामागे. मग बघ, तुलाही काम देईल तो. तुझ्यात नि त्याच्यात त्याला फरकच उरणार नाही."

भाऊ तिथेच उभा राहिला. मागून एकाने बांबूने ताडपत्रीचा दोर ओढला आणि ती अर्धी खाली आली, भाताच्या टोपावर. दुसरा पुढे सरसावला तशी खारीची ती म्हातारी काठी घेऊन मध्ये आली आणि तिने अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. तिचे नातू त्याच पोरांबरोबर शाळेत होते. पोरं थबकली. मग भाऊच म्हणाला, "चला. आज नको." आणि सगळ्यांना घेऊन गेला. तो आमच्या बाजूचा झाला, असं नाही. तो निघून गेला, इतकंच. पण जाताना त्याने वाकून दोर पुन्हा खांबाला बांधला, तेवढं मी पाहिलं.

त्यानंतरचे दिवस संथ गेले. लग्नसराईचा माल अडकला होता आणि आत गेलेल्या चार-पाच जणींच्या जिवावर कारखाना चालत नव्हता. कॉम्रेड आणि आत्या ठाण्याला कामगार खात्याच्या ऑफिसात फेऱ्या घालत होते. शेवटी तिथल्या एका साहेबांनी शेठना बोलावून घेतलं. तडजोड झाली. प्रेसवाल्याला उपचाराचा खर्च आणि भरपाई मिळाली. आम्ही मागितली होती तेवढी नाही, पण मिळाली. प्रेसना जाळी बसणार होती. हजेरीवर नावं लावायचं कबूल झालं, टप्प्याटप्प्याने. आणि सगळ्यांना कामावर घ्यायचं ठरलं, आत्या आणि तिच्याबरोबर पुढे झालेले पॉलिशवरचे दोघे सोडून.

कॉम्रेडनी ही अट सांगितली तेव्हा बायका भडकल्या. पुन्हा बसू, म्हणाल्या. मीही म्हणाले. आत्याने कॉम्रेडना विचारलं, "माझ्यामुळे अडलं तर किती दिवस अडेल?"

"सांगता येत नाही."

"बिहारची अर्धी माणसं गेलीच आहेत. उरलेलीही जातील. करा सही."

घरी येताना मी तिला म्हणाले, तू नाहीस तर मीही जाणार नाही. ती रस्त्यातच थांबली. "वेडी आहेस का? जाळी बसते की नाही ते कोण बघणार? शेठ?"

म्हणून मी गेले. प्रेसवाला गोरखपूरला परत गेला. जायच्या आधी घरी आला होता, पेढ्यांचा पुडा घेऊन. डाव्या हाताने पुडा आत्याला दिला आणि मग माझ्याकडे वळून त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, शिक्षणाचा. या वेळी मी हसले नाही. त्याच जूनमध्ये मी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं.

जाळी बसली. लोखंडी, हिरव्या रंगाची. प्रत्येक ठोक्याआधी ती खाली ओढायची. आणि दोन आठवड्यांत मी पाहिलं की खालचेच लोक ती दोरीने वर बांधून ठेवतायत. मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "दीदी, पीस के हिसाब से पैसा है. जाली में टाइम जाता है. शाम को हाथ में क्या आएगा?"

मी ते आत्याला सांगितलं. मला राग आला होता, इतकं सगळं कशासाठी केलं म्हणून. आत्या रागावली नाही. विचार करत बसली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले तर ती समोरच्या चहाच्या टपरीवर उभी. आत यायची बंदी होती, टपरीवर नव्हती. प्रेसवाले चहाला आले की ती एकेकाला विचारायची, जाळी लावून किती पीस होतात, न लावता किती. असं रोज. मग एके दिवशी मला म्हणाली, "रेट वाढवून मागा. जाळीवाल्या पीसचा रेट वेगळा. हे आता मी बोलू शकत नाही, मी आत नाही. तूच बोल."

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा शेठच्या केबिनमध्ये एकटीने बोलले. माझा आवाज आत्यासारखा नाही. तो चिरकतो. पण माझ्यामागे दारात खालचे सगळे उभे होते, आणि त्यांच्यात महाडची ती बाईही होती. तिने आधी काहीच सांगितलं नव्हतं. जिना उतरून सरळ येऊन उभी राहिली. रेट वाढला, थोडा. जाळ्या खाली आल्या. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा.

पुढे एक-दीड वर्षात शेठनी कारखाना गुजरातच्या हद्दीत हलवला. बाकीच्या इस्टेटीतलेही बरेच गाळे गेले. कॉम्रेड म्हणाले, गिरण्यांचंही असंच झालं होतं. आणि मग म्हणाले, पण तोपर्यंत कुणाची बोटं गेली नाहीत ना? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग ठीक आहे. मला ते तेव्हा पुरेसं वाटलं नव्हतं. आता मी वसईला कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलांकडे टाइपिंग करते, रोज असे कागद हातातून जातात, आणि आता मला ते पुरेसं वाटतं.

भाऊ रिक्षा चालवायला लागला. पोरांबरोबर फिरणं हळूहळू कमी झालं. एका केसमध्ये पोलिसांनी उचललं तेव्हा सोडवायला पुढारी आला नाही, आत्या गेली होती. तरी काचेवर त्या पक्षाचा स्टिकर राहिला. त्यावरून आत्या त्याला काही बोलली नाही, त्यानेही काढला नाही. निवडणूक आली की दोघं जेवताना भांडायची, मोठमोठ्याने, आणि मी त्याला खूण समजायचे की घरात सगळं ठीक आहे.

आत्या मीरा रोडच्या नव्या टॉवरांमध्ये स्वयंपाकाची कामं करू लागली. तिथे कामवाल्या बायकांना वेगळ्या लिफ्टने जावं लागायचं, दिवाळीला बोनस नाही, आजारी पडलं की पगार कापायचा. सहा महिने ती गप्प राहिली. मग एका रविवारी दुपारी म्हणाली, बागेत काही जणी जमणारेत, चल माझ्याबरोबर. भाऊ रिक्षा घेऊन घरीच होता. त्याने आम्हाला दोघींना सोडलं आणि बाहेर थांबला, आत आला नाही. जमलेल्या बायकांत मराठवाड्याच्या होत्या, बंगालच्या होत्या, एक नेपाळची होती. कॉम्रेड बाकावर बसून होते, त्यांना आता जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. बायका आधी लाजल्या आणि मग एकदम सगळ्या बोलू लागल्या. वेळ लांबला. बाहेरून भावाने हॉर्न वाजवला, एकदा, मग पुन्हा एकदा.

आत्याने मान न वळवता मला सांगितलं, "थांब म्हणावं त्याला. अजून दोघींचं बोलायचं राहिलंय."